सुतक नसलेले दुःख: बडोद्यातील एका वाचक सभासदाचे प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातील एका लहान मराठी ग्रंथालयाच्या सभासद असलेल्या, नुकतीच साठी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेचे आहे. तरुणपणी ज्याच्यावर जीव लावला आणि ज्याच्याशी लग्न होऊ शकले नाही, त्या माणसाच्या मृत्यूची बातमी त्यांना जवळजवळ चाळीस वर्षांनी कळली, आणि त्या दुःखाला घरात, नात्यात किंवा शेजारपाजारात बसायला कुठेच जागा नव्हती. पुढच्या काही महिन्यांत शोक, हरवलेले प्रेम आणि पुस्तके यांच्याभोवती गुंफलेली एक मराठी कादंबरी त्यांनी आधी एकटीने आणि नंतर आमच्या वाचनगटात वाचली. मी त्या ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे आणि वाचनगटही मीच चालवते. त्या वाचनाने बाईंसाठी काय केले, काय केले नाही आणि मध्येच का थांबावे लागले, ते येथे नोंदवीत आहे.

बाईंची ओळख पटू नये म्हणून त्यांच्या नोकरीचे, कुटुंबाचे आणि काळाचे काही तपशील बदलले आहेत. हा मसुदा त्यांनी स्वतः वाचला, एक परिच्छेद काढून टाकायला सांगितला आणि उरलेल्या मजकुराला संमती दिली. कादंबरीचे नाव दिलेले नाही. बडोद्यातील मराठी वाचकांचे वर्तुळ एवढे लहान आहे की नाव सांगताच गट कोणता आणि बाई कोण, हे दुपारपर्यंत दांडिया बाजारात कळेल, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की नाव छापले की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध होऊन बसते आणि पुढचा ग्रंथपाल प्रत्येक दुःखी माणसाच्या हातात तेच पुस्तक ठेवतो.

बातमी आणि त्यानंतरचे दिवस

बाईंचे शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत झाले. बडोदा कॉलेजच्या त्या जुन्या घुमटाखाली, हंसा मेहता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आणि कधी कमाटीबागेत त्यांची आणि एका गुजराती सहाध्यायाची ओळख वाढत गेली. तो त्यांना गुजराती कविता वाचून दाखवी आणि त्या त्याला मराठी कादंबऱ्यांचा सारांश सांगत. दोन्ही घरांचा विरोध होता आणि त्या काळी तो विरोध मोडून काढण्याइतके बळ दोघांतही नव्हते. बाईंचे लग्न रीतीप्रमाणे नात्यागोत्यातल्या स्थळाशी झाले. यजमान एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे आणि बायकोची मनापासून काळजी घेणारे गृहस्थ आहेत. संसार सुखाचा झाला, हे बाईंनी मला आपण होऊन आणि अनेकदा सांगितले आहे. या प्रकरणाकडे दुःखी लग्नाची गोष्ट म्हणून पाहिले, तर ते चुकीचे वाचले जाईल. ज्या माणसाशी त्यांचा पुन्हा कधीही संपर्क आला नाही, त्याच्या जाण्याने त्यांच्या आयुष्याचा एक कोपरा कोसळला आणि उरलेले घर तसेच उभे राहिले, एवढीच ती हकिकत आहे.

बातमी आली ती जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी. हार घातलेला फोटो, खाली बेसण्याची, म्हणजे गुजराती शोकसभेची, वेळ आणि सुरतेतला पत्ता, आणि त्याखाली एकामागून एक ‘ॐ शांति’. बाईंनीही त्याच रांगेत ‘ॐ शांति’ लिहिले आणि फोन पालथा ठेवून कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी घरात यजमानांच्या वडिलधाऱ्यांसाठी पान वाढले गेले. त्यानंतर घटस्थापना झाली. नऊ दिवस त्यांनी घटावर माळ चढवली, आणि रोज रात्री मैदानातल्या गरब्याचा आवाज खिडकीतून घरात येत राहिला. बडोद्याच्या नवरात्रात त्या आवाजापासून सुटका नसते. आधी त्याच आवाजाची त्या वर्षभर वाट पाहत.

येथे सुतकाचा विचार करावा लागतो. आपल्याकडे जवळचे माणूस गेले की दहा दिवस देवपूजा बंद राहते, घरात गोडधोड होत नाही, चूल पेटवायची नसते म्हणून शेजारी पिठलंभात आणून देतात, लोक समाचाराला येतात, दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो की नाही याची सगळे वाट पाहतात आणि तेराव्याला गोडाचे जेवण करून घर पुन्हा चालू होते. यातल्या कित्येक गोष्टी आज जाचक वाटतात, विधवेच्या वाट्याला तर त्या क्रूरपणे आल्या आहेत, हे मला मान्य आहे. तरीही त्यांतली प्रत्येक गोष्ट शोकग्रस्त माणसाला हेच सांगत असते की तुझे माणूस गेले आहे आणि आम्हाला ते ठाऊक आहे. ही सगळी व्यवस्था नात्यावर उभी आहे. नाते नसेल तर सुतक नाही, आणि सुतक नसेल तर घट बसवायलाच हवेत. केनेथ डोका या अमेरिकन शोकतज्ज्ञाने १९८९ मध्ये समाजाने हक्क नाकारलेल्या शोकाची कल्पना मांडली. ज्या नात्याला समाज नाते मानत नाही, ज्या हानीला हानी मानत नाही किंवा ज्या माणसाला शोक करण्याजोगा मानत नाही, त्याचे दुःख उघडपणे करता येत नाही, आणि म्हणूनच ते अधिक चिवट होते, असे त्याचे म्हणणे आहे. घटस्फोटित जोडीदार, विवाहबाह्य नात्यातली माणसे, गर्भपात झालेल्या स्त्रिया, इतकेच काय पाळीव प्राणी गमावलेली माणसेही त्या चौकटीत येतात. बाईंचे प्रकरण त्याच चौकटीतले होते.

गुजराती बेसणुं या बाबतीत आपल्या रिवाजांहून बरेच मोकळे असते. वर्तमानपत्रात वेळ छापून येते, दोनएक तास फोटो मांडलेला असतो, कोणीही यावे, फूल वाहावे, थोडा वेळ बसावे आणि निघावे. कोण कोणाचे कोण, असे तिथे सहसा कोणी विचारत नाही. बाई त्या दोन तासांत सुरतेला जाऊ शकल्या असत्या. गाडीने तो फार लांबचा पल्लाही नाही. पण घरातून निघताना कुठे चालले आहे हे सांगावे लागले असते, आणि बाईंना खोटे बोलायचे नव्हते.

दिनांकपट्टीवरून लक्षात आलेली गोष्ट

आमच्याकडे देवघेव अजून जुन्या पद्धतीने होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिनांकपट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर परतीची तारीख व सभासद क्रमांक टाकला जातो. दिवाळीनंतर एक कादंबरी नूतनीकरणासाठी टेबलावर आली, तेव्हा त्या पट्टीवर एकाच सभासदाचा क्रमांक एकाखाली एक उतरलेला मला दिसला. या बाई आठवड्याला दोन पुस्तके संपवणाऱ्या वाचक, आणि तीनशेच्या आत पाने असलेली ही कादंबरी त्या परतच करीत नव्हत्या. पुस्तक उघडले तेव्हा मधल्या एका प्रकरणापाशी सिटी बसचे तिकीट खूण म्हणून ठेवलेले होते. पुढची पाने कोरी करकरीत होती आणि मागच्या पानांचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. मी काही विचारले नाही, तारीख टाकून पुस्तक परत दिले.

त्यांचे यजमान काही दिवसांनी स्वतः ग्रंथालयात आले. बाईंची झोप मोडली आहे, जेवण अर्ध्यावर आले आहे, रक्तदाब आणि थायरॉइडच्या तपासण्या ठीक आल्या आहेत, असे त्यांनी सांगितले आणि म्हणाले, “ताई, हिला काहीतरी हलकंफुलकं द्या वाचायला. हे पुस्तक हिला सोसत नाहीये.” त्या क्षणी मला कारण ठाऊक नव्हते, त्यामुळे लपवण्यासारखेही काही नव्हते. एक विनोदी लेखांचे पुस्तक मी त्यांच्याजवळ दिले. ते तसेच परत आले.

पुढे बाई एकट्या असताना मी त्यांना एका स्थानिक समुपदेशन केंद्राची शोकविषयक पुस्तिका दाखवली. तिच्यात शोकाच्या पाच अवस्था ओळीने दिल्या होत्या आणि शेवटी भरायचा एक तक्ता होता. त्या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला त्या नंतर लावल्या गेल्या, आणि त्या क्रमाने कोणी दुःख करीत नाही, हे आता बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. बाईंची अडचण मात्र अवस्थांशी नव्हतीच. पुस्तिका परत करताना त्यांनी तो तक्ता उघडून पहिल्या रकान्यावर बोट ठेवले. रकाना होता ‘गेलेल्या व्यक्तीशी तुमचे नाते’. तो कोरा होता. “इथं काय लिहू, ते सांगा,” असे म्हणून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, आणि वर लिहिलेली हकिकत त्यांनी मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितली.

कादंबरी आणि तिची निवड

ही कादंबरी मी निवडलेली नव्हती, हे ठळकपणे सांगणे भाग आहे. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांच्या थप्पीतून बाईंनी ती स्वतः उचलली होती. तिचा नायक तालुक्याच्या गावातला, पुस्तकांची बांधणी करून पोट भरणारा माणूस आहे. ज्या मुलीवर त्याचे प्रेम होते, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. कितीतरी वर्षांनी एक तरुण मोडकळीला आलेल्या पुस्तकांचे गाठोडे घेऊन त्याच्या दुकानात येतो: आई गेली, तिची पुस्तके नीट बांधून ठेवायची आहेत. नायक ती पुस्तके फर्मा-फर्मा सुटी करतो, दोरा भरतो, पुठ्ठा चढवतो आणि हे करता करता वाचत जातो. समासातल्या तिच्या खुणा त्याला भेटतात. पुस्तकांमुळे त्याचे दुःख कमी होत नाही. हाताला काम आणि मनाला सोबत मात्र मिळते, आणि कादंबरीचा सर्वांत सुंदर भाग तोच आहे. लेखनाच्या दृष्टीने ती सरस असली तरी शेवट मला कमकुवत वाटतो. त्याचा उल्लेख पुढे येईल.

वाचनाने मन सावरण्याच्या विचाराला इंग्रजीत एक शतकाहून अधिक काळ स्वतंत्र नाव आहे. सॅम्युअल क्रोदर्स या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९१६ मध्ये एका मासिकातील लेखात ते वापरले. त्यानंतर पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत ग्रंथपालांनी हे काम हाती घेतले. आपण त्याला ग्रंथोपचार म्हणतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या शिफारशीने ग्रंथालयातून पुस्तके देण्याची योजना आहे. पण तिथे प्रामुख्याने स्वमदतीची, व्यायाम आणि तक्ते असलेली पुस्तके दिली जातात, आणि भक्कम पुरावाही मुख्यतः त्याच पुस्तकांच्या बाजूने आहे. कादंबरीचा परिणाम मोजणे फार अवघड आहे. म्हणून एखाद्या ग्रंथपालाने ‘ही कादंबरी वाचा, बरे वाटेल’ असे सांगणे मला धोक्याचे वाटते. वाचकाच्या दुःखाशी हुबेहूब जुळणारी गोष्ट कधी आधार देते आणि कधी जखमेवरची खपली काढते, आणि आधी सांगता येत नाही की काय होईल.

बाईंच्या बाबतीत दोन्ही घडले. पूर्वार्धाने त्यांना आधार दिला. तो भाग त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला होता, आणि कोपरे मऊ पडलेली पाने तीच होती. तिकिटाची खूण होती त्या प्रकरणात नायक त्या तरुणाच्या घरी समाचाराला जातो. बाकीचे नातेवाईक ओसरीवर बसलेले असतात, कोणीतरी त्याच्यापुढे चहा ठेवते आणि ‘हे पुस्तकवाले काका’ अशी त्याची ओळख करून देते. नायक चहा पितो आणि उठतो. या पानापुढे बाई जाऊ शकत नव्हत्या.

गटातील वाचन

आमच्या वाचनगटात बहुतेक निवृत्त स्त्रिया आहेत. त्या मंगळवारी दुपारी जमतात, एक पुस्तक काही आठवडे चालते, काही भाग मोठ्याने वाचला जातो आणि बाकीचा घरी वाचून यायचा असतो. हीच कादंबरी गटात घेऊया, असे सुचवले ते बाईंनी. आपण कोणाला काही सांगणार नाही आणि मीही सांगू नये, ही त्यांची एकच अट होती. त्यामागचा विचार मला तेव्हा पुरता उमगला नव्हता. पुढे तो स्पष्ट झाला. स्वतःची गोष्ट न सांगता स्वतःच्या गोष्टीवर दहा बायकांचे मत ऐकायची सोय त्यांनी करून घेतली होती.

सुरुवात करण्यापूर्वी ओळखीच्या एका प्रशिक्षित समुपदेशकांना मी, बाईंच्या परवानगीने, परिस्थिती सांगितली. समुपदेशक बाईंना दोनदा भेटल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे आणि ती लागू होण्यासाठी किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मर्यादा एक वर्षाची आहे. बाईंना तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. ही आजाराची नव्हे तर दुःखाची अवस्था आहे, असे समुपदेशकांनी सांगितले. त्याचबरोबर जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, झोप सलग बिघडली किंवा बाई घराबाहेर पडेनाशा झाल्या तर वाचन तिथेच थांबवून आपल्याकडे पाठवावे, हेही त्यांनी बजावले. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक आम्ही ग्रंथालयातल्या फलकावर सर्वांसाठीच लावला.

पहिले आठवडे चांगले गेले. बांधणीच्या कामाची वर्णने सगळ्यांना आवडली. एका सभासदांचे वडील वह्या-पुस्तके बांधण्याचेच काम करीत, त्यांनी खळ कशी शिजवतात आणि पुस्तकाला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, हे सांगितले. बाई बोलत नव्हत्या, पण येत होत्या, आणि चष्मा पुसण्याच्या निमित्ताने मान खाली घालायला गटात कोणाची हरकत नव्हती. कादंबरी मोठ्याने वाचली जात असताना डोळ्यांत पाणी आले तर त्याचे कारण कोणी विचारत नाही. सुतकात जी मुभा आप्तांना मिळते, ती इथे गोष्टीने मिळवून दिली होती.

समाचाराचे प्रकरण वाचले गेले त्यानंतर बाई यायच्या थांबल्या. फोनवर त्यांनी सांगितले की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि पहाटे छातीत धडधडते. ठरल्याप्रमाणे आम्ही गटात ती कादंबरी बाजूला ठेवली, दुसरे एक प्रवासवर्णन सुरू केले आणि बाई समुपदेशकांकडे गेल्या. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोक करणारे माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे घेत असते, कधी गेलेल्या माणसाकडे तर कधी पुढच्या जगण्याकडे, आणि हे हेलकावेच त्याला तगवून धरतात. सतत दुःखात डुंबणे जसे अपायकारक, तसे सतत त्याच्यापासून पळणेही. समुपदेशकांचा सल्ला याला धरून होता: कादंबरी काही आठवडे बंद, सकाळी कमाटीबागेत चालणे, आणि दुपारी नातवंडांशी व्हिडिओ कॉल. कादंबरीकडे परत यायचे की नाही, ते बाईंनी ठरवायचे.

होळीनंतर त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “राहिलेलं संपवून टाकू.”

शेवटावरचा वाद

कादंबरीच्या शेवटी नायक त्या तरुणाला सगळे सांगून टाकतो. तरुण रडतो, त्याच्या पाया पडतो, आईची पुस्तके त्यालाच देऊन टाकतो. या शेवटावर गटात कधी नव्हे एवढा वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या की सांगितले ते बरे केले, मनात ठेवून माणूस आतून कुजते. दुसऱ्या म्हणाल्या, त्या पोराने काय गुन्हा केला होता की मेलेल्या आईचे हे ओझे त्याच्या डोक्यावर द्यावे? तिसऱ्या बाईंनी तर असेही सांगितले की महालयातल्या तर्पणात नात्यातल्यांबरोबर गुरू, आप्त आणि मित्रांचीही नावे घेता येतात, तेव्हा एवढेच वाटत होते तर गुरुजींना नाव द्यायचे आणि गप्प बसायचे. कादंबरीकाराला हे सुचायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे.

बाई तोवर गप्प होत्या. मग त्या पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलल्या त्या तावातावाने: “त्यानं सांगायला नको होतं. सांगितलं की ती गोष्ट त्याची एकट्याची राहिली नाही. एवढी वर्षं जपली ती कशासाठी? आणि मुलगा पाया पडतो म्हणे. असं कधी होतं का? मुलगा उठून जाईल.” गटाला ती साहित्यचर्चा वाटली. मला ठाऊक असलेल्या गोष्टीमुळे मी ती वेगळ्या कानांनी ऐकली, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात महत्त्वाचा बदल याच दुपारी घडला. कादंबरीने दिलेला दिलासा बाईंनी नाकारला, आणि नाकारताना स्वतःचा निर्णय पहिल्यांदा शब्दांत मांडला. तो निर्णय असा की हे दुःख आपले आहे, ते लाजेपोटी लपवायचे नाही, आपल्या मर्जीने जवळ ठेवायचे आहे. तोवर घरात न बोलणे हा त्यांच्यावरचा दाब होता. त्यानंतर तो त्यांनी स्वतः निवडलेला मार्ग झाला. बाहेरून पाहता काहीच बदलले नाही, तरीही झोप सुधारली ती याच काळात.

शोकावरच्या कादंबऱ्या सांत्वन करतात म्हणून उपयोगी पडतात, हा समज या अनुभवाने माझ्यापुरता डळमळीत झाला. शेवट अधिक चांगला, अधिक खरा असता तर बाई कदाचित मान डोलावून गप्पच राहिल्या असत्या. दुसऱ्याच्या दुःखाशी भांडता येते, त्याला नावे ठेवता येतात, त्याने काय करायला हवे होते ते ठणकावून सांगता येते, आणि स्वतःच्या दुःखाविषयी हे काहीच शक्य नसते. गोष्टीतला माणूस तिऱ्हाईत असतो, आणि तिऱ्हाइताविषयी बोलताना आपल्या समाजातली बाईसुद्धा मोकळेपणाने बोलते.

आमच्या शहरापुरते एक निरीक्षण येथे नोंदवावेसे वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी पाठवल्या. लोकांनी शिकावे, हा त्यामागचा उद्देश होता. त्याच महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्ये गेल्या आणि त्यांच्या स्मृतीसाठी १८९६ मध्ये रावपुऱ्यात घड्याळाचा टॉवर उभा राहिला. बाई ग्रंथालयात येतात त्या त्याच टॉवरखालून. एका बाजूला साऱ्या शहराने मान्य केलेला शोक आणि दुसऱ्या बाजूला नाव न घेता येणारा. त्या दुसऱ्या शोकासाठी ग्रंथालयाने केले ते एवढेच की पुस्तक कशासाठी हवे, हे विचारले नाही आणि मुदत वाढवून दिली. मला ग्रंथपाल म्हणून ही व्यवस्था मौल्यवान वाटते आणि विलंबशुल्काच्या नियमांत तिच्यासाठी सवड ठेवावी, असा आग्रह मी आमच्या कार्यकारिणीत धरला आहे.

सध्याची स्थिती

बाईंची झोप आणि जेवण पूर्ववत आहे. समुपदेशकांच्या भेटी उन्हाळ्यात थांबल्या. पुढच्या नवरात्राच्या आधी पंधरवडाभर त्या पुन्हा अस्वस्थ होत्या, पण येणे थांबले नाही. तर्पणात नाव घालण्याची कल्पना त्यांना पटली नाही, कारण ते नाव घ्यायला गुरुजींच्या समोर यजमानांनाच बसावे लागले असते.

यजमानांविषयी एक गोष्ट नोंदवायला बाईंनी परवानगी दिली आहे. कादंबरी घरी होती त्या दिवसांत त्यांनीही ती वाचली. परत करायला तेच आले आणि म्हणाले, “तो पुस्तकवाला भला माणूस होता.” त्यांना काही कळले होते का, याचा अंदाज बांधण्याचे मी टाळले आहे. बाईंनाही ते ठाऊक नाही आणि विचारण्याची त्यांची इच्छा नाही.

मसुदा वाचल्यावर बाईंनी एक आक्षेप घेतला. कादंबरीला आणि तिच्या शेवटाला मी फार श्रेय दिले आहे, असे त्यांना वाटते. त्यांच्या मते सर्वाधिक उपयोग झाला तो सकाळच्या चालण्याचा आणि समुपदेशकांच्या भेटींचा. गटाचा उपयोग झाला तो मंगळवारी घराबाहेर पडायला निमित्त मिळाले म्हणून, आणि कादंबरी त्यानंतर येते. एका व्यक्तीच्या अनुभवावरून यातले काय किती खरे, हे ठरवता येणार नाही. चालणे, बोलणे, वाचन आणि निव्वळ काळ जाणे या सगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. माझे मत वर दिले आहे, त्यांचे येथे दिले आहे, आणि दोन्ही तसेच ठेवावे यावर आमचे एकमत आहे. सध्या त्या एक दोन खंडांची ऐतिहासिक कादंबरी वाचत आहेत. पहिला खंड संपला आहे, आणि दुसरा खंड दुसऱ्या सभासदांकडे असल्यामुळे त्यांनी त्यासाठी नाव नोंदवून ठेवले आहे.